नॉर्मन झाडावरून उतरेना

मुलीच्या हातावर दोन मिनिटं ससाणा बसवणं हे इतकं खटाटोपाचं काम आहे असं मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मी तिला सायकल घेऊन देऊन मोकळा झालो असतो.

पण शाळेच्या जत्रेत सोडत निघाली आणि माझा नंबर लागला. दरवर्षी मला काही लागलंच तर लव्हेंडरचा साबण लागतो. या वर्षी लागला एक गुलाबी कागद. सेटल गावापलीकडच्या शिकारी पक्ष्यांच्या केंद्रात एका मुलाला किंवा मुलीला ससाणा हातावर घ्यायला मिळेल, असं त्यावर लिहिलं होतं. मी साबणाच्या तयारीने गेलेला माणूस, त्यामुळे जरा हिरमुसलोच. आमची ब्रायनी मात्र तो कागद घेऊन खोलीत गेली ती एकदम जेवायलाच बाहेर आली, आणि बटाट्यांकडे बघत म्हणाली, "बाबा, मला वाढदिवसाला दुसरं काही नको."

आता ही मुलगी कधी काही मागत नाही. बूट चावायला लागले तरी सांगायची नाही, आपणच तिला लंगडताना पाहून ओळखायचं. बारा वर्षांत पहिल्यांदा तिने तोंड उघडून एक गोष्ट मागितली होती. त्यामुळे ती तिला मिळायलाच हवी, मग माझं काही का होईना, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. माझं जे काही झालं, ते पुढे येतंच आहे.

कागदाच्या मागे बारीक अक्षरं होती. मी नगरपालिकेत पार्किंगच्या परवान्यांचं काम बघतो. एकवीस वर्षं मी लोकांना बारीक अक्षरं दाखवून परत पाठवत आलोय, तेव्हा ती आधी वाचायला हवीत हे मला कळायला हवं होतं. मुलाला बारा वर्षं पूर्ण हवीत, हा नियम चार. कागदाची मुदत पंधरा ऑगस्ट, हा नियम नऊ. आणि ब्रायनीला बारा पूर्ण होणार होती सोळा ऑगस्टला.

मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की नियम चार पाहावा. मी परत लिहिलं की पाहिला. उत्तर आलं की मग नियम नऊ पाहावा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण पत्रं इतकी चोख होती की मनातल्या मनात मी त्या बाईला आमच्या खात्यात नोकरीही देऊन टाकली. शेवटी फोन केला. हिलरी गार्साइड नावाची ही बाई ते केंद्र एकटीच्या जिवावर चालवते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मुलीला ससाण्याचं वजन किती असतं ठाऊक आहे?" मी फोन ब्रायनीकडे दिला. ब्रायनी फोनवर आजीशीसुद्धा चार शब्दांच्या वर बोलत नाही, पण इथे ती वीस मिनिटं बोलली. फोन परत माझ्या हातात आला तेव्हा हिलरीबाई म्हणाल्या, "सोळा तारीख, दोनचा खेळ. एकदाच. तो चुकला की कागद रद्दी."

मग शेजारच्या ट्रेव्हरला वास लागला.

आमच्याकडे माणूस लंडनला चाललाय की परलोकाला, हे कुणी विचारत नाही. कुठल्या रस्त्याने चाललाय, हे मात्र अख्खी गल्ली विचारते. ट्रेव्हर निवृत्त झाल्यापासून कुंपणावर कोपर टेकून उंटावरून शेळ्या हाकतो. "स्किप्टनवरून जाणार? ऑगस्टात? वेडा आहेस का, मॅल्कम? शहाणा माणूस माळावरून जातो. चिटपाखरू भेटणार नाही."

ते खरं होतं. चिटपाखरू भेटलं नाही. मेंढ्या भेटल्या, दोनशे असतील, आणि मेंढ्यांच्या पलीकडे एक कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं अख्खं घर, भेटली. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, मधे एक गाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता. कॅरव्हॅनवाल्याने हसून हात केला. मीही हसून हात केला. आपण मागे सरा, छे छे मी सरतो, असा तो प्रकार. आमच्याकडे अशा वेळी जो जास्त सभ्य तो हरतो. मी पाऊण मैल उलटा गेलो.

माझी बायको हेदर शेजारी बसून "भिंत, भिंत," एवढंच म्हणत होती. मागच्या सीटवर ब्रायनी घड्याळाकडे बघत गप्प बसली होती आणि तिच्या शेजारी सासूबाई, मांडीवर थंड राहणारी पिशवी घेऊन.

सासूबाईंचं नाव बेरिल, वय एकोणऐंशी. समोरचा प्राणी, मग तो कुठलाही असो, सकाळपासून उपाशी आहे या एका श्रद्धेवर त्यांचं आयुष्य उभं आहे. एकदा मीटर वाचायला आलेला माणूस आमच्याकडून पुडिंग खाऊन गेला होता. त्या दिवशी चौघांसाठी त्यांनी बारा अंड्यांची सँडविचेस, एक अख्खा पोर्क पाय (म्हणजे डुकराचं मांस भरलेली जाडजूड कचोरी), कांद्याचं लोणचं आणि दोन थर्मास भरून चहा घेतला होता. तेवढ्यावरही भागलं नाही. वाटेत एका गावात त्यांनी गाडी थांबवायला लावली. "मॅल्कम, थांब जरा. इथल्या खाटकासारखं मटण अख्ख्या यॉर्कशायरात नाही. उद्याच्या स्ट्यूला होईल."

"आई, उशीर होतोय," हेदर म्हणाली.

"होऊ दे की. पक्षी काय, उडून जाणार आहेत का?"

अर्धा किलो कोकराचं मटण पिशवीत विसावलं आणि आम्ही साडेअकराला केंद्रावर पोचलो.

फाटकातच तीन पानी फॉर्म. बोट, कान किंवा अन्य अवयव गमावल्यास केंद्र जबाबदार नाही, असं त्यात होतं. सासूबाईंनी चष्मा लावून विचारलं, "अन्य म्हणजे कुठले?" खिडकीतली मुलगी लाजून लाल झाली आणि म्हणाली की सॉरी, आजपर्यंत कुणी विचारलं नाही. सासूबाईही सॉरी म्हणाल्या. माझ्यामागे रांगेत उभा असलेला हाफ चड्डीतला गृहस्थ उगाचच सॉरी म्हणाला.

आत गवतावर लाकडी अड्ड्यांवर पक्षी बसले होते, प्रत्येकाच्या पायात दोरी आणि शेजारी नावाची पाटी. आमच्याकडे कुत्र्यांना राजांची नावं देतात आणि ससाण्यांना निवृत्त कारकुनांची, ते का ते मला विचारू नका. घुबडाचं नाव मार्गरेट. गिधाडाचं क्लिफर्ड. आणि ब्रायनीच्या हातावर जो बसणार होता त्या तांबूस खांद्यांच्या ससाण्याचं नाव नॉर्मन. ब्रायनी त्याच्यासमोर जी उभी राहिली ती हलेना. नॉर्मनने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली वळवली. परवाना नाकारल्यावर लोक माझ्याकडे बघतात तशीच ती नजर होती.

बारा वाजता हिलरीबाईंनी मुलांना गोळा करून माहिती सांगितली. उंच, उन्हापावसाने रापलेल्या, तीन बोटांना चिकटपट्ट्या. त्यांच्यापुढे मीही आपसूक हाताची घडी घातली. "हे पक्षी माझ्यावर प्रेम करत नाहीत," त्या म्हणाल्या. "मी रोज सकाळी यांना तराजूवर बसवते. वजन दोन तोळे इकडे की तिकडे, यावर सगळा खेळ. खेळाच्या वेळी पायात दोरी नसते. मग तो परत का येतो? भूक आहे म्हणून. भूक हीच त्याची दोरी. पोट भरलेल्या ससाण्याला तुम्ही आणि मी, दोघंही खांबासारखे."

ब्रायनी हे सगळं ओठ हलवत त्यांच्याबरोबर म्हणत होती, तिला पाठच होतं.

सासूबाई माहिती ऐकायला नव्हत्या. "तुम्ही जा, माझे गुडघे बोलतायत," म्हणून त्या अड्ड्यांजवळच्या बाकावर पिशवीसह बसून राहिल्या होत्या. त्यावेळी मला ते फार सोयीचं वाटलं.

दोन वाजता मैदानाभोवती साठेक माणसं बसली. पाऊस भुरभुरत होता, पण त्याला आमच्याकडे पाऊस म्हणत नाहीत. मार्गरेट घुबड एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेलं. क्लिफर्ड गिधाड चालत आलं आणि चालत गेलं, त्यालाही टाळ्या पडल्या. मग हिलरीबाई माइकवर म्हणाल्या, "आता ब्रायनी सग्डन. आज तिला बारा वर्षं पूर्ण झाली." माझी मुलगी मैदानाच्या मध्यावर गेली, डाव्या हातात कोपरापर्यंतचा चामडी मोजा, मोज्यावर मांसाचा तुकडा, आणि तिने हात पुढे केला. हेदरने माझा दंड धरला. मी फोन काढून चित्रीकरण सुरू केलं.

नॉर्मनला सोडलं. तो सरळ ब्रायनीकडे झेपावला, तिच्या डोक्यावरून गेला, माझ्या डोक्यावरून गेला, आणि शौचालयामागच्या उंच झाडावर जाऊन बसला. पिसं फुगवली. एक पाय पोटाशी घेतला. माझ्या फोनमध्ये आभाळ आणि एका अनोळखी बाईची छत्री आली आहे.

हिलरीबाईंनी शीळ घातली. नॉर्मनने पाठ फिरवली. त्यांनी कोंबडीचं मेलेलं पिल्लू हवेत फिरवून दाखवलं. जेवणानंतर कुणी आग्रह केला की आपण जसं बघतो, तसं त्याने त्याकडे बघितलं.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. हिलरीबाई माइकवरून सॉरी म्हणत होत्या. लोक छत्र्यांखालून "काही हरकत नाही" असं पुटपुटत होते. उठून कुणी जाईना. आपण उठलो तर पक्ष्याला काय वाटेल, असा आमच्या लोकांचा स्वभाव. आणि ब्रायनी हात पुढे करून तशीच उभी. हिलरीबाईंनी तिला दोनदा सांगितलं, बाळ, हात खाली घे. ती मान हलवून नाही म्हणाली. तिच्या केसांतून पाणी गळत होतं.

"सकाळी वजनाला बरोबर होता," हिलरीबाई माइक बाजूला न करताच म्हणाल्या. "याला कुणी काही खायला घातलंय का?"

साठ माणसांनी एकदम अपराधी चेहरे केले. कस्टम्सपाशी पोचल्यावर आम्ही निष्पाप लोकही असेच चेहरे करतो. तेवढ्यात हेदरने चहा काढायला पिशवीची चेन ओढली आणि ती तशीच थांबली. खाटकाचा कागद उघडा होता. अर्ध्या किलोतलं चांगलं मूठभर मटण गायब.

"आई," ती हळूच म्हणाली.

"किती बघत होता गं माझ्याकडे," सासूबाई म्हणाल्या. "छातीचं हाड वर आलेलं. मी हात लावला नाही हो, लांबून टाकलं. एक तुकडा टाकला तर पुढच्याकडे बघायला लागला."

"आई, तिथे पाटी होती."

"वाचली मी. पक्ष्यांना पाव आणि चिप्स घालू नयेत. मी कुठे पाव घातला?"

एकवीस वर्षांच्या नोकरीत इतका बिनतोड युक्तिवाद माझ्या टेबलावर आलेला नाही. मी परवाना दिला असता.

मग त्यांनी मैदानाकडे बघितलं. भिजलेली, हात पुढे केलेली नात दिसली, आणि आपण काय केलंय ते त्यांच्या ध्यानात आलं. चेहऱ्यावरचा रंगच उतरला. "मॅल्कम," त्या म्हणाल्या, "तिला सांगू नकोस. माझ्याशी परत बोलायची नाही ती."

मी शूर माणूस नाही. पण सासूबाईंचा तो आवाज मी अठरा वर्षांत ऐकला नव्हता. मी उठलो, हात वर केला आणि म्हणालो, "मी. मी घातलं. सॉरी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळ्या छत्र्या माझ्याकडे वळल्या. हाफ चड्डीवाला गृहस्थ शेजारणीला म्हणाला, "माझ्या बायकोला फाटकातच संशय आला होता. चेहराच तसा आहे." हिलरीबाई गवतातून चालत आल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी रागावलेली नाही, मिस्टर सग्डन." यॉर्कशायरात हे वाक्य ऐकलं की लोक वकील शोधतात. "मी एवढंच विचारते, की मी बारा वाजता जे बोलले ते तुम्ही कशाने ऐकलंत?" माइक अजून चालू होता. पार्किंगमध्येसुद्धा ऐकू गेलं असणार.

त्याचं मला फार वाटलं नाही. आमच्या खिडकीवर लोक याहून वाईट बोलतात. पण ब्रायनीने पहिल्यांदाच हात खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "बाबा, तू? तुला तर मी महिनाभर सांगत होते." एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. तिने रडारड केली असती तर बरं झालं असतं.

लोक एकमेकांना सॉरी म्हणत पांगले. मला कचेरीत नेऊन एक घटनेचा फॉर्म भरायला दिला. 'कृत्यामागील हेतू' असा रकाना होता. बराच विचार करून मी 'दया' असं लिहिलं. खिडकीतल्या मुलीने ते वाचून माझ्याकडे फार वाईट नजरेने बघितलं.

"भूक लागली तर संध्याकाळी उतरेल," हिलरीबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या. "नाहीतर उद्या. आम्ही पाचला बंद करतो. तुम्ही घरी जा."

"आणि कागद?" मी विचारलं.

"नियम मी केलेत, मिस्टर सग्डन. तुमच्यासाठी एकदा मोडला."

ब्रायनी त्या झाडाखालून हलली नव्हती. "मी थांबते," ती म्हणाली. "पाचपर्यंत थांबता येतं ना?"

हिलरीबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या मोज्याकडे. "मोजा माझा आहे," त्या म्हणाल्या. "तो घेतल्याशिवाय मला फाटक लावता येणार नाही." आणि त्याही झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

आम्ही तिघं पत्र्याच्या शेडखाली घडीच्या खुर्च्यांवर बसलो. सासूबाईंनी पहिल्यांदाच कुणाला काही खा म्हटलं नाही. पोर्क पाय तसाच पडून होता. समोर पावसात एक उंच आणि एक बुटकी अशा दोन आकृत्या वर बघत उभ्या होत्या आणि बोलत होत्या. म्हणजे बुटकी बोलत होती. साडेतीन झाले, चार झाले, पाच वाजता फाटक बंद झालं तरी ती बोलतच होती. मधे एकदा हिलरीबाई खो खो हसल्या. आमची मुलगी कुणाला हसवू शकते, हे मला माहीतच नव्हतं.

"एवढं काय बोलत असेल?" हेदर म्हणाली.

"माझ्याबद्दल असेल," मी म्हणालो.

"तुझ्याबद्दल दोन तास? स्वतःला काय समजतोस तू?"

पावणेसहाला पाऊस थांबला आणि नॉर्मनने दुसरा पाय खाली घेतला. अंग झाडलं. हिलरीबाईंनी हाताने आम्हाला खूण केली, या पण हळू. ब्रायनीने मोज्यावर तुकडा ठेवून हात पुढे केला. शीळ कुणीच घातली नाही. नॉर्मन फांदीवरून सुटला, गवताला घासत खालून आला, शेवटच्या क्षणी वर उचलला गेला आणि तिच्या मुठीवर येऊन बसला. तुकड्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"पोट भरलेलं आहे," ब्रायनी कुजबुजली. "मग आला का?"

"संध्याकाळ झाली की खोपट आठवतं," हिलरीबाई म्हणाल्या. "घरी जायचंय त्याला. तू घेऊन चल. तिथपर्यंत." खोपट मैदानाच्या पार पलीकडे होतं. कागदावर फक्त दोन मिनिटं लिहिली होती.

ब्रायनीचा चेहरा असा झाला होता की मी फोन काढायचा विसरलो. "केवढा जड आहे हा," ती म्हणाली.

"असणारच," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "मूठभर मटण घातलंय मी त्याला."

आम्ही सगळे गर्रकन वळलो. नॉर्मनसुद्धा सासूबाईंकडे बघायला लागला. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला, मग काढला. "मीच घातलं गं," त्या म्हणाल्या. "उपाशी दिसला मला. हा मेला उगाच मधे पडला."

हिलरीबाई सावकाश माझ्याकडे वळल्या. "फॉर्मवर तुम्ही 'दया' लिहिलंय, मिस्टर सग्डन."

"सॉरी," मी म्हणालो.

ब्रायनीने एकदा आजीकडे बघितलं. "अगं आजी, त्याची छाती तशीच असते," ती म्हणाली, आणि आजीचा जीव भांड्यात पडला. मग तिने माझ्याकडे बघितलं. चालायला लागताना मानेने मला शेजारी बोलावलं.

आम्ही दोघं मैदान ओलांडायला लागलो. मधे पोचेपर्यंत तिचा हात वजनाने खाली यायला लागला, दुपारभराचा भिजलेला, अवघडलेला हात. मी तिच्या कोपराखाली माझा तळवा धरला.

"नको, बाबा," ती म्हणाली. "मला जमतंय."

मी हात काढला आणि खिशात घातला. तो काही केल्या खिशात राहीना.